नवी रॅम बसवली, तरी यंत्र का अडते?



आज आपण संगणकाच्या एका लहान भागाविषयी वाचू. त्याचे नाव रॅम. ती एक हिरवी किंवा काळी पट्टी असते. लांबी साधारण १३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. पण ती बिघडली, तर सारा संगणक अडून बसतो.

"हे आम्हांला कशाला हवे?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या कामात आहे.

गावाचे काम यंत्रावर

पूर्वी सात-बारा तलाठी हाताने लिहून देत. आता तो संगणकातून निघतो. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, पेन्शनचा अर्ज, हे सारे संगणकावरच होते. २०११ साली महाराष्ट्रात 'संग्राम' नावाची योजना आली. तेव्हापासून ग्रामपंचायतींत संगणक बसू लागले. पुढे 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. पण यंत्रच अडले, तर तो हक्क कागदावरच राहतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. पूर्वी हा एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. इथे गावे दूर दूर आहेत. एका दाखल्यासाठी लोक जंगलातून पायी येतात. "आज मशीन बंद हाय," हे ऐकून परत जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे.

आणखी एक गोष्ट. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे इतर अनेक गावांनाही असे हक्क मिळाले. बांबू किती तोडला, तेंदूपत्ता किती जमला, कोणाची मजुरी किती झाली, हा हिशेब अशा ग्रामसभांना ठेवावा लागतो. हिशेब संगणकात ठेवायचा, तर संगणक भरवशाचा हवा.

तालुक्याहून कारागीर लगेच येईलच असे नाही. पावसाळ्यात पुराने वाटा तुटतात. म्हणून बिघाड कुठे आहे, हे गावातल्या चार माणसांना कळायला हवे.

रॅम म्हणजे काय?

संगणकाला दोन प्रकारची आठवण असते.

एक कायमची. तिला हार्डडिस्क म्हणतात. ती धान्याच्या कणगीसारखी आहे. वीज गेली, तरी आत ठेवलेले तसेच राहते.

दुसरी कामापुरती. ती म्हणजे रॅम. ती सुपासारखी आहे. कणगीतले धान्य काढून आपण सुपात घेतो, निवडतो, पाखडतो आणि पुन्हा ठेवतो. संगणकही तसेच करतो. कागद हार्डडिस्कमधून काढतो, रॅममध्ये घेतो, त्यावर काम करतो आणि पुन्हा हार्डडिस्कमध्ये ठेवतो. वीज गेली, की रॅममधले सारे पुसले जाते.

सूप लहान असेल, तर काम हळू होते. जुन्या संगणकात रॅम कमी असते. तो रडत-रखडत चालतो. म्हणून लोक आणखी एक पट्टी बसवून घेतात. हे चांगलेच आहे. पण कधी कधी नवी पट्टी बसवल्यावर यंत्र जास्तच अडू लागते. असे का होते?

गळकी मडकी

रॅमच्या आत काय असते, ते आधी समजून घेऊ.

आत अतिशय बारीक मडकी असतात असे समजा. त्यांत पाणी नसते, वीज असते. भरलेले मडके म्हणजे एक. रिकामे मडके म्हणजे शून्य. अशा भरल्या-रिकाम्या मडक्यांच्या रांगांनी संगणक प्रत्येक अक्षर आणि आकडा लक्षात ठेवतो. ८ जीबीच्या एका पट्टीत अशी ६८०० कोटींहून अधिक मडकी असतात. या रचनेचे पेटंट १९६८ साली अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांच्या नावाने निघाले. अजूनही रॅम याच तत्त्वावर बनते.

पण ही मडकी गळकी आहेत. भरलेले मडके क्षणात रिकामे होऊ लागते. म्हणून यंत्र प्रत्येक मडके एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा पुन्हा भरते. आपल्याला हे दिसत नाही. संगणक चालू असेपर्यंत हे काम अखंड चालते.

आता उष्णतेकडे या. मडके तापले, की गळती वाढते. पट्टीचा ताप ८५ अंशांच्या वर गेला, तर मडकी दुप्पट वेळा भरावी लागतात, असा नियमच आहे. भरायला थोडा उशीर झाला, की एखादे भरलेले मडके रिकामे होते. एकाचे शून्य होते.

एका मडक्याने काय बिघडणार? फार मोठे बिघडू शकते. संगणकाच्या लिपीत ९ आणि १ या दोन आकड्यांत फरक फक्त एका मडक्याचा आहे. ९ मध्ये ते भरलेले असते. १ मध्ये ते रिकामे असते. ते गळाले, तर ९ चा १ होतो. आणि तो तसाच कागदावर छापून येतो. असे क्वचितच होते. पण ज्याच्या मजुरीचा आकडा बदलला, त्याला "क्वचित" या शब्दाचा काय उपयोग?

चंद्रपुरात मे २०१९ मध्ये पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. खोली तापलेली असते. संगणकाच्या डब्यातली हवा खोलीपेक्षाही गरम असते. त्यात डब्याचे तोंड धुळीने बुजले, तर आतला ताप बाहेर जायला वाट उरत नाही.

एका गावाची गोष्ट

आता एक गोष्ट वाचा. ही गोष्ट कोणत्याही गावाची असू शकेल.

जंगलपट्टीत एक गाव होते. पंचायतीत संगणक होता. तो फार हळू चाले. मार्च महिन्यात पंचायतीने नवी रॅम बसवून घेतली. यंत्र भराभर चालू लागले. लोक खूश झाले. पण मे महिना आला आणि यंत्र मध्येच बंद पडू लागले.

एक दिवस एक म्हातारे काका दाखल्यासाठी आले.

"ताई, मशीन आज बी झोपली का जी?"

"झोपली ना, काका. मधातच पडदा निळा होते. मग काहीच चालत नाई."

"मंग नवी पट्टीच खराब निंगाली म्हना. दुकानदारानं फसवलं."

सगळे हेच म्हणत होते. नवी वस्तू आली आणि दुखणे आले. दोष नव्या वस्तूचाच! पण पंचायतीचा शिपाई गप्प होता. त्याने दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले होते. तो म्हणाला,

"काकाजी, सकाळी तर मशीन चांगली चालते. मी वहीत लिहून ठेवलं हाय. पाहा."

वहीत असे लिहिले होते :

१६ मे. सकाळी ९. सात दाखले निघाले. अडचण नाही.
१६ मे. दुपारी १. पडदा निळा. यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले.
१७ मे. सकाळी ८. यादी लिहिली. अडचण नाही.
१७ मे. दुपारी अडीच. यंत्र हँग. काहीच हलेना.
१८ मे. आभाळ आले होते. दिवसभर चालले.

दोन दिवसांनी तालुक्याहून कारागीर आला. त्याने वही वाचली. तो म्हणाला, "माझं अर्धं काम या वहीनंच केलं. दुखणं उन्हासंगं येते. म्हणजे आधी ताप पाहायला पाहिजे."

त्याने डबा उघडला. मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. पंख्यावर धुळीचा थर होता. डब्याच्या वर कपडा होता आणि बाजूला फायलींची चळत. आत वारा जाणार कुठून? त्याने सारे साफ केले. त्या दुपारी यंत्र बंद पडले नाही.

लोक म्हणाले, "झालं. सुटली पीडा." कारागीर म्हणाला, "थांबा जी. पट्ट्यांची परीक्षा अजून बाकी हाय."

त्याने दोन्ही पट्ट्या काढल्या. एक-एक बसवून भर दुपारी तपासली. नवी पट्टी चोख निघाली. जुन्या पट्टीत चूक सापडली. सकाळी ती बरोबर चाले आणि तापली की चुके. म्हणजे ज्या नव्या पट्टीला साऱ्यांनी दोष दिला, ती निर्दोष होती. यालाच म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी!

गोष्ट इथे संपली नाही. त्याच महिन्यात तेंदूपत्त्याची यादी यंत्रावर लिहिली होती. ताईने ती यादी फळीवरच्या वहीशी ओळ-ओळ ताडून पाहिली. एका बाईच्या नावापुढे वहीत ९२० पुडे होते. यंत्रातल्या यादीत १२० होते. ही चूक पट्टीची की लिहिणाऱ्या हाताची? आता ते कोणीच सांगू शकत नव्हते. पण वही होती, म्हणून आकडा दुरुस्त झाला. ८०० पुड्यांची मजुरी त्या बाईला मिळाली.

दुखणे कसे ओळखावे?

यंत्राची खूण पाहावी, ती वहीत लिहावी आणि मग कारण शोधावे.

१. बटण दाबले, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. आतून पीं-पीं असा आवाज येतो. अशा वेळी पट्टी नीट बसलेली नसणे हे नेहमीचे कारण आहे. पीं किती वेळा आणि किती लांब वाजते, ते मोजून लिहा. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते. कारागिराला ती उपयोगी पडते.

२. काम चालू असताना पडदा निळा होतो, काही नव्या संगणकांत काळा होतो, आणि त्यावर इंग्रजीत काही लिहून येते. ते वाचता आले नाही, तरी मोबाईलने त्याचा फोटो काढा. किंवा अक्षरे जशी दिसतात तशी उतरून घ्या. असे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामात होत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा.

३. यंत्र दिवा विझावा तसे एकदम बंद होते. पडद्यावर काहीच लिहून येत नाही. इथे रॅमचा दोष कमी वेळा असतो. मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. किंवा विजेचा पुरवठा करणारा डबा बिघडलेला असतो. त्याला एस.एम.पी.एस. म्हणतात. अशा वेळी नवी रॅम आणणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

४. सकाळी चालते, दुपारी अडते. हा तापाचा संशय.

५. सकाळ-दुपार केव्हाही अडते. हा पट्टीचा, पट्टी बसवण्याचा किंवा न जुळणाऱ्या जोडीचा संशय.

६. नवी पट्टी बसवली, पण संगणक वाढलेली रॅम दाखवत नाही. पट्टी खराबच असेल असे नाही. जुन्या ३२-बिट पद्धतीच्या विंडोजला साधारण ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरता येत नाही. त्यापेक्षा जास्त बसवली, तरी ती पडून राहते.

डबा उघडण्यापूर्वी

पहिली गोष्ट परवानगीची. संगणक सरकारी असेल किंवा हमीच्या मुदतीत असेल, तर विचारल्याशिवाय उघडू नये. हमी जाऊ शकते.

दुसरी गोष्ट कागदांची. महत्त्वाचे कागद आधी पेनड्राइव्हवर उतरून घ्यावेत. मात्र जुनी चांगली प्रत पुसून त्यावर नवी ठेवू नये. रॅम चुकत असेल, तर नवी प्रतही चुकलेली असू शकते. दोन्ही ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट विजेची. यंत्र बंद करा. प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? तर अर्थिंग नाही किंवा खराब आहे. आधी वायरमनला बोलवा. तोपर्यंत यंत्राला हात लावू नका.

एस.एम.पी.एस.चा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जिवाला धोका होईल इतकी वीज काही वेळ राहू शकते.

पट्टी कशी काढावी आणि बसवावी?

पट्टीला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगावरची बारीक वीज तिकडे उतरते. ही वीज आपल्याला कळतही नाही, पण पट्टीला मारू शकते. नायलॉनच्या कपड्यावर पट्टी ठेवू नका. पट्टी कडेने धरा. सोनेरी दातांना बोट लावू नका.

ज्या खाचेत पट्टी बसते, तिला स्लॉट म्हणतात. स्लॉटच्या टोकाला लहान कुलपे असतात. ती बाहेर दाबली, की पट्टी वर येते.

आपल्याकडे पावसाळ्यात हवा फार दमट असते. सोनेरी दातांवर मळ धरतो. मग वीज नीट जात नाही. शाळेतले मऊ खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने पुसा. हे काम स्लॉटपासून दूर करा. रबराचा भुगा झटकून टाका. सँडपेपरने कधी घासू नका. वरचा सोनेरी थर निघून जातो.

पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. स्लॉटमध्ये तशीच एक उंची असते. दोन्ही जुळवा. मग दोन्ही टोकांवर सारखा जोर देऊन पट्टी सरळ खाली दाबा. 'कट्' असा आवाज येतो आणि कुलूप आपोआप लागते. एक टोक वर राहिले, तर पट्टी बसली नाही असे समजा. खाच जुळत नसेल, तर जोर करू नका. ती पट्टी त्या यंत्राची नाही.

यंत्र सुरू करताच पट्टी चटका बसेल इतकी तापली किंवा जळका वास आला, तर तत्काळ प्लग काढा. पट्टी उलटी-वाकडी बसली आहे किंवा आत जळली आहे. ती पुन्हा लावून पाहू नका. काम करताना पट्टी कोमट होणे मात्र साधी गोष्ट आहे. त्याला घाबरू नये.

एका वेळी एकच बदल

या पाठातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

समजा, आपण एकाच वेळी पट्टी बदलली, पंखा साफ केला आणि डब्याची जागाही बदलली. यंत्र सुरू झाले. आता सांगा, दुखणे कशात होते? कळणार नाही. पुन्हा बिघडले, की पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल. वैद्य एकाच वेळी दहा औषधे देत नाही. आपणही तसेच करावे.

दोन पट्ट्या असतील, तर अशी परीक्षा करा :

पहिली पट्टी एकटी बसवा. यंत्र चालवा. वहीत लिहा.
ती काढा. त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी एकटी बसवा. चालवा. लिहा.
मग चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. चालवा. लिहा.

एकच पट्टी प्रत्येक ठिकाणी अडली, तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडल्या, तर दोष स्लॉटचा. प्रत्येक पट्टी एकटी चांगली चालते, पण दोघी एकत्र अडतात, तर जोडी जुळत नाही. पट्ट्या काढता-घालताना प्रत्येक वेळी प्लग काढायचा, हे विसरू नका.

नुसते चालवून पाहण्यापेक्षा पक्की परीक्षाही आहे. विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' नावाचे साधन असते. 'मेमटेस्ट८६+' नावाचे दुसरे साधन फुकट मिळते आणि ते पेनड्राइव्हवरून चालते. ही साधने प्रत्येक मडके भरून-रिकामे करून पाहतात. याला काही तास लागतात. मध्येच वीज जाऊ नये, म्हणून यू.पी.एस. असलेला बरा. परीक्षा एकदा सकाळी आणि एकदा भर उन्हात घ्यावी. कमजोर मडके थंडाव्यात पास होते आणि उन्हात नापास होते.

इथे शंभरपैकी पस्तीस गुणांवर पास करायचे नाही. एकही चूक दाखवली, तर ती पट्टी किंवा ते यंत्र हिशेबाच्या कामाला घेऊ नये.

यंत्राला वारा हवा

रॅमची पट्टी स्वतः फार वीज खात नाही. ५ वॅटच्या दिव्यापेक्षाही सहसा कमी खाते. मग ती का तापते? बहुधा आसपासच्या तापलेल्या हवेने. म्हणून पट्टी बदलण्याआधी वारा पाहा.

डबा भिंतीपासून हातभर दूर ठेवा. वर कपडा, फायली किंवा देवाचा फोटो ठेवू नका. इन्व्हर्टरच्या शेजारी आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नका. थेट जमिनीवर ठेवला, तर झाडताना सारी धूळ आत जाते. एखाद्या ठोकळ्यावर ठेवा. जाळीत माशीचे घर, मुंग्या, पालीची अंडी आहेत का, ते महिन्यातून एकदा पाहा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा. ब्रश फिरवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ओले फडके आत नेऊ नका.

तापाची खात्री करायची आहे? डब्याचे एका बाजूचे झाकण काढा आणि टेबलफॅनचा वारा सोडा. आत हात घालू नका. दुपारभर यंत्र नीट चालले, तर दोष तापाचा. खात्री झाल्यावर झाकण लावून टाका. उघड्या डब्यात उंदीर आणि पाली शिरतात.

काही पट्ट्या नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवता येतात. त्यासाठी त्यांना जास्त वीज दिली जाते. त्याने ताप वाढतो. आपल्याला दाखले आणि याद्या काढायच्या आहेत, शर्यत लावायची नाही. कारागिराला वेग साधा ठेवायला सांगा.

नवी पट्टी घेताना

दुकानात जुनी पट्टी किंवा तिच्यावरच्या कागदाचा फोटो घेऊन जा. त्यावर डी.डी.आर.३, डी.डी.आर.४ किंवा डी.डी.आर.५ असे लिहिलेले असते. तीच जात घ्या. एक जात दुसरीच्या खाचेत बसत नाही. त्यांची वीजही वेगळी असते. डी.डी.आर.३ ला साधारण १.५ व्होल्ट लागते, तर डी.डी.आर.४ ला १.२ व्होल्ट. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. ती टेबलावरच्या संगणकाला चालत नाही.

दोन पट्ट्यांचा वेग वेगळा असेल, तर दोन्ही सहसा हळू पट्टीच्या वेगाने चालतात. शक्यतो सारख्या दोन पट्ट्या घ्या. पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा. पट्टी हमीच्या मुदतीत बिघडली, तर बिल दाखवून बदलून मागा. सोबत आपली वहीही दाखवा.

लक्षात ठेवा

नवी वस्तू आणि नवे दुखणे एकत्र आले, तरी दोष नव्या वस्तूचाच असतो असे नाही.
आधी वारा, मग बसवणे, मग पट्टी.
एका वेळी एकच बदल करा.
तारीख, वेळ आणि खूण वहीत लिहा.
पैशाची आणि जमिनीची यादी यंत्रातून निघाली, तरी ती कागदी वहीशी ताडून पाहा.

प्रश्न

१. कणगी कोणती आणि सूप कोणते? संगणकातील नावे लिहा.
२. पट्टी तापल्यावर ९ चा १ कसा होऊ शकतो? शेजाऱ्याला समजावून सांगा.
३. शिपायाच्या वहीतील १८ मेची ओळ पुन्हा वाचा. त्या दिवशी यंत्र दिवसभर का चालले असेल?
४. आपल्या पंचायतीतील संगणकाचा डबा पाहून या. त्याच्या जाळ्या मोकळ्या आहेत का? तो भिंतीपासून किती दूर आहे? दोन ओळी लिहा.
५. आपल्या नावाचा एखादा छापील कागद घ्या. त्यातील आकडे घरच्या वहीशी ताडून पाहा. फरक दिसला, तर ग्रामसभेत विचारा.